ज्यानं अडकवली त्यानंच काढायची

वादळ पावणेपाचला आलं आणि सव्वापाचला निघूनही गेलं. पण तेवढ्या अर्ध्या तासात त्यानं बडोद्याची अशी दाणादाण उडवली, की निजामपुऱ्यातल्या त्या चार मजली सोसायटीला पुढचे दोन तास बोलायला दुसरा विषय लागला नाही. लाईट गेली होती, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि घराघरात उकाडा दाटला होता. माणसं प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन खाली पार्किंगमध्ये येऊन बसली. एरवी जिन्यात भेटल्यावर नजर चुकवणारेसुद्धा एकमेकांना पाणी विचारू लागले.

रमाकांत खाली उतरले ते मात्र गप्पांसाठी नव्हे. शेजारच्या नीराबेनचा स्टीलचा डबा परवापासून घरी पडला होता, तो परत करायचा होता. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून पत्नी पद्मानं पलंगावरूनच फर्मान सोडलं होतं, "चार करंज्या घाला त्यात. आणि लगेच या. गप्पा मारत बसू नका."

पद्माच्या नाकात नळी होती. गेल्या दोन वर्षांपासून तिची फुप्फुसं तिला पुरेशी पडत नव्हती आणि पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस घरघरत असे. ते विजेवर चालायचं. लाईट गेली तर ऑक्सिजनचा छोटा बाटला, म्हणजे सिलिंडर, होता. पाच वाजता रमाकांतनी बाटल्यावरचा काटा पाहिला होता. जेमतेम दोन तासांचा श्वास त्यात उरला होता. मुलगा अमोघ दुसरा बाटला आणायला स्कूटर काढून फतेगंजला गेला होता.

"आले पॉवर हाऊसवाले काका," नीराबेननी डबा घेतला. निवृत्त शिक्षिका त्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "सांगा आता, लाईट कधी येणार?"

"एका झाडाला एक तास धरा," रमाकांत म्हणाले. "झाडं मोजा आणि झोपा."

सगळे हसले. रमाकांतनी पस्तीस वर्षं वीज कंपनीच्या सबस्टेशनवर ऑपरेटरचं काम केलं होतं. त्यांच्या चेष्टेतही माहिती असते, असं लोकांना वाटायचं.

"प्रतापनगरला ताईच्या क्वार्टरवरचे पत्रे उडाले," नीराबेन सांगत होत्या. "ताईचा मेसेज आला आणि मग नेटवर्कच गेलं. पत्रा मेला शेजारच्यांच्या बाल्कनीत सापडला. शेजारी म्हणतात, आमच्याकडे आला, आमचा झाला."

"फतेगंजमा तो एक झाड सीधा गाडी उपर," सोसायटीचे सेक्रेटरी अनुपभाई म्हणाले. ते मराठी शेजाऱ्यांशी मराठी बोलायला जायचे आणि दोन शब्दांत गुजरातीत उतरायचे. "अर्ध्या शहरात अंधारुं छे, काका. अर्ध्या शहरात."

अमोघ फतेगंजलाच गेला होता. रमाकांतना बसवेना. नीराबेननी ते ओळखलं. "मी बसते वर पद्माजवळ. तुम्ही जरा वारा खा," असं म्हणून त्या टॉर्च घेऊन जिना चढल्या.

रमाकांत उठून इमारतीच्या मागे गेले. तिथं कंपाउंडच्या कोपऱ्यात सोसायटीची डीपी होती, वीज चालू-बंद करायच्या लोखंडी दांड्याची पेटी. काही बिघडलं की ते आधी डीपी बघायला जात. करण्यासारखं तिथं काही नसे, पण पस्तीस वर्षांची सवय अशी जात नाही. साडेसहा वाजत आले होते. आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि मागच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं. पडलेल्या कडुनिंबाचा ओला, कडवट वास सगळीकडे भरून राहिला होता.

"साहेब, लाईन क्लिअर पाहिजे."

रमाकांत दचकले. कुंपणाच्या फाटक्या जाळीपाशी एक माणूस उभा होता. अंगावर रेनकोट, टोपी कपाळावर ओढलेली, खांद्यावर दोराचं वेटोळं. निवृत्तीनंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यांना कोणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि तेही मराठीत.

"कुठल्या सेक्शनचा रे तू?"

"तुमच्याच."

"मी रिटायर झालो. मी कसली लाईन क्लिअर देणार?"

"मागे तार तुटलीय. जोडून येतो. तेवढा वेळ दांड्यापाशी कोणी येऊ नये, एवढंच."

आता ही लाईन क्लिअर म्हणजे काय, ते सांगायला हवं. लाईनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून वचन घेतो, की मी सांगेपर्यंत तू या तारेत वीज सोडणार नाहीस. ऑपरेटर लाईन बंद करतो आणि दांड्याला लाल पाटी अडकवतो. काम संपलं की लाईनमन ते वचन परत करतो. स्वतः येऊन, किंवा फार लांब असेल तर स्वतःच्या आवाजात फोन करून. पाटी ज्यानं अडकवली त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बाकी सगळे नियम कागदावर असतात. हा नियम माणसाच्या जिवावर असतो.

माणसानं डीपीचा लोखंडी दांडा खाली ओढला. खिशातून पत्र्याची लाल पाटी काढून त्याला अडकवली. जुनी पाटी होती, एक कोपरा काळा पडलेला. तो जवळून गेला तेव्हा ओल्या पोत्याचा वास आला, आणि त्याखाली आणखी एक वास, केस जळल्यासारखा.

"एकटाच आहेस?"

"एकटाच असतो साहेब." जाळीतून पलीकडे जाताना तो थांबला. "मी स्वतः येऊन सांगेन. फोनवर विश्वास ठेवू नका."

तो पाण्यात उतरला आणि गल्लीच्या टोकाच्या खांबाकडे गेला. पाण्याचा आवाज मात्र झाला नाही. रमाकांतना ते लक्षात आलं, पण उशिरा.

फोनवर विश्वास ठेवू नका. हल्लीच्या पोरांना तसं शिकवत असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ते शब्द मनातून जाईनात.

कारण रमाकांतच्या आयुष्यात एक फोन होता. अमोघच्या वयाइतका जुना. तेव्हाही असंच वादळ होतं. तुकोजी नावाचा लाईनमन त्यांच्याकडून लाईन क्लिअर घेऊन गेला होता. साताऱ्याकडचा मुलगा, सबस्टेशनवर त्यांच्याशी मराठी बोलणारा एकटाच. त्याच लाईनवर एक प्रसूतिगृह होतं आणि तिथं पद्मा अडली होती. नर्सचा फोन आला. जनरेटर चालू होत नाही, अंधारात डॉक्टरांना काही करता येत नाही, काहीतरी करा. रमाकांतनी वीस मिनिटं वाट पाहिली. तुकोजीचा पत्ता नव्हता. एवढ्या पावसात तो खांबावर थोडाच राहणार, उतरला असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी पाटी काढली आणि लाईन चालू केली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

सात बाराला अमोघ जन्मला. तुकोजी त्याच्या दोन मिनिटं आधी गेला होता, तारेला चिकटून.

त्या रात्री रमाकांतनी रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिली. 'तुकोजीचा फोन. पाऊस फार आहे, मी उतरलो, चालू करा.' असा फोन आला नव्हता. चौकशीत ती ओळ खरी धरली गेली. तुकोजी लाईन क्लिअर परत करून पुन्हा वर चढला, चूक त्याचीच, असं ठरलं. त्याची बायको राजेश्वरी नोकरीसाठी कंपनीच्या दारात येऊन बसायची. रमाकांत मागच्या दारानं घरी जायचे.

आणि घरी दर वाढदिवसाला अमोघला गोष्ट सांगितली जायची, की तुझ्या बाबांनी वादळात लाईट आणली म्हणून तू या जगात आलास. पद्माच सांगायची. तिला तुकोजी ठाऊकच नव्हता.

सात वाजायला आले आणि समोरच्या सोसायटीत एकदम उजेड पडला. गल्लीभर "आली, आली" असा गलका झाला. पाठोपाठ शेजारच्या इमारतीत आली. मग पानाच्या टपरीवर सुद्धा आली. फक्त यांच्याच इमारतीत नाही. अनुपभाई चारदोन जणांना घेऊन मागे आले तर रमाकांत दांड्याला पाठ लावून उभे.

"काका, दांडो तो नीचे छे. आपला स्विचच बंद आहे. चालू करो ने."

"वर माणूस आहे," रमाकांत म्हणाले.

"कुठे?"

अनुपभाईंनी मोठी बॅटरी गल्लीच्या टोकाला मारली. खांब उभा होता, तारा ताणलेल्या होत्या, कुठलीच तुटलेली नव्हती. आणि खांबावर कोणी नव्हतं. बॅटरीचा झोत दोनदा वरखाली फिरला.

"कोई नथी काका."

"तो स्वतः येऊन सांगेल. तोपर्यंत हात लावायचा नाही."

मागून स्कूटरचा आवाज आला. अमोघ आला होता, वाटेतल्या साचलेल्या पाण्यानं चिंब भिजलेला, रिकाम्या हातानं. "दुकानासमोर झाड पडलंय बाबा. शटर उघडता येत नाही. दुसरा म्हणतो, सकाळी. आईचा काटा कुठं आहे?"

उत्तर नीराबेननी आणलं. त्या जिन्यावरून धापा टाकत आल्या. "काटा लालमध्ये गेलाय. दहा मिनिटं, फार तर पंधरा. ती बोलत नाहीये आता, नुसती बघते. अहो, लाईट आणा कुठून तरी."

"बाबा, सरका," अमोघ म्हणाला.

रमाकांत सरकले नाहीत. एकतीस वर्षांपूर्वी सबस्टेशनवर ज्या पेचात त्यांनी वीस मिनिटं काढली होती, त्याच पेचात ते पुन्हा उभे होते. तीच पद्मा, तसंच वादळ. या खेपेला तरी वाट बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पद्मा वर गुदमरत होती आणि खांबावर तर कोणी दिसत नव्हतं...

खिशातला मोबाईल वाजला.

सगळे बघायला लागले, कारण दीड तासात तिथं कोणाचाच फोन लागला नव्हता. रमाकांतनी तो कानाला लावला. आधी फक्त पाऊस ऐकू आला. इथं अजून पडत नव्हता तो पाऊस.

"साहेब... पाऊस फार आहे. मी उतरलो. चालू करा."

शब्द न् शब्द तोच. रमाकांतनी स्वतः रचलेला, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला. आवाज तुकोजीचा होता.

"कोण आहे काका?" अनुपभाईंनी विचारलं.

"लाईनमन. उतरला म्हणतोय."

"मग करा ना चालू," अमोघ म्हणाला.

फोनमधला आवाज थांबला नव्हता. अगदी हळू, जुन्या मायेनं बोलावं तसा तो म्हणाला, "एक विचारू साहेब? त्या दिवशी मी असा फोन केला होता का?"

रमाकांतनी समोर पाहिलं. नीराबेन, अनुपभाई, पार्किंगमधले सगळे. आणि अमोघ, ज्याला त्याच्या जन्माची गोष्ट पाठ होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक 'नाही' म्हणायचं होतं. मग कोण, कसला फोन, काय लिहिलं होतं, हे सगळं इथं, या लोकांसमोर उलगडावं लागलं असतं. त्यांना भीती तुकोजीची वाटायला हवी होती. त्यांना भीती वाटली ती पोराच्या नजरेची.

"हो," ते म्हणाले. "केला होतास."

"बरं," आवाज म्हणाला. "मग तसंच असेल."

फोन बंद झाला. रमाकांत वळले तर दांड्यावर पाटी नव्हती. खाली चिखलातही नव्हती. त्यांनी विचारलं नाही, शोधली नाही. दोन्ही हातांनी दांडा वर लोटला आणि इमारतीच्या सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या. मुलं ओरडली, कोणीतरी शिटी मारली, अनुपभाईंनी "चालो, पती गयुं, संपलं काम" म्हणून हात झटकले. कुठं ठिणगी उडाली नाही, कोणी किंचाळलं नाही. रमाकांतनी घड्याळ पाहायचं टाळलं.

दोन मजले अमोघ धावत चढला, रमाकांत कठड्याला धरून, आणि त्यांच्यामागून नीराबेन. घरात ट्यूब चालू होती, पंखा फिरत होता, देवघरातला छोटा दिवासुद्धा लागला होता. मशीन मात्र गप्प होतं. भिंतीवरच्या त्याच्या बटणाला लाल पाटी अडकवलेली होती. एक कोपरा काळा. तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

अमोघनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मशीनवरचा हिरवा दिवा लागला नाही. "बाबा, काय झालंय याला? आणि ही पाटी कुणी लावली?"

बाटल्याचा काटा खाली टेकला होता. पद्माचे ओठ निळसर झाले होते, तरी ती जागी होती. तिनं रमाकांतना जवळ बोलावलं.

"तुमच्या ऑफिसचा माणूस आला होता," ती म्हणाली. प्रत्येक शब्दासाठी तिला थांबावं लागत होतं. "भिजलेला... नीराबेन खाली गेल्या आणि हा आला. वहिनी म्हणाला मला. म्हणाला, मी येऊन सांगेपर्यंत... या बटणाला कोणी हात लावायचा नाही. आणि म्हणाला, साहेबांना एकदा... तुम्हीच विचारा."

"काय विचारा?"

"त्या दिवशी त्यानं फोन केला होता का?"

अमोघ मशीन उचलून नीराबेनच्या घरी न्यायला निघाला होता. तो दारातच थांबला. पद्माची छाती वर गेली आणि खाली यायला तिला फार वेळ लागला. रमाकांत पलंगाशी खाली बसले. त्यांनी तिचा हात धरला, आणि त्यांना रडू आलं.

"नाही," ते म्हणाले. "नव्हता केला. मी लिहिलं. तो वरच होता पद्मा. तो वरच होता आणि मी चालू केली."

मग अमोघच्या हातातलं मशीन घरघरलं.

त्यानं ते घाबरून खाली ठेवलं. हिरवा दिवा लागला होता, हवा वाहत होती. नीराबेननी भानावर येऊन नळी जोडली. पाच-सात मिनिटांत पद्माच्या ओठांचा रंग परत आला. तिनं डोळे उघडले, एकदा रमाकांतकडे पाहिलं, आणि हात सोडवून घेऊन भिंतीकडे तोंड केलं. अमोघ मशीनच्या वायरीकडे बघत होता. निघताना त्यानंच ती ओढून काढली होती. पिन जमिनीवर पडली होती आणि भिंतीवरचं बटण बंद होतं.

याला आता सहा महिने झाले. रमाकांतनी कंपनीला लेखी अर्ज दिला, जे झालं ते सगळं लिहिलं. राजेश्वरीबाईंचा पत्ता शोधत ते साताऱ्याकडे जाऊन आले. बाईंनी रमाकांतना दारात उभं राहू दिलं, आत बोलावलं नाही. पद्मा बोलते, पण कामापुरतं. या वाढदिवसाला अमोघला कोणी गोष्ट सांगितली नाही.

मशीन चालू आहे. सोसायटीची लाईट मधून मधून जाते, अंधार होतो, खाली लोक खुर्च्या काढतात, आली की "आली" म्हणून ओरडतात. यांच्या घरातली घरघर त्यात एकदाही थांबलेली नाही. बटण बंद आहे, पिन जमिनीवर आहे, लाल पाटी भिंतीवर आहे. पाटी हलली तर घरघर थांबेल या भीतीनं केर काढणाऱ्या बाईलासुद्धा त्या भिंतीपाशी जाऊ देत नाहीत.

पाटी कधी काढणार, असं पद्मानं त्या संध्याकाळी त्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "काम झालं की मी स्वतः येईन."

म्हणून हल्ली दारावर थाप पडली की रमाकांत आधी मशीनकडे बघतात आणि मग दार उघडायला उठतात.